गवत, शिवी आणि मारेकरी

भाषांतराच्या टेबलावर काही इंग्रजी शब्द आले की हात थबकतो. 'असॅसिनेशन' त्यातलाच. परदेशात कुणा नेत्याला गोळ्या घातलेल्या असतात, पान सोडायला वीस मिनिटं उरलेली असतात आणि मराठीत काय लिहायचं हे ठरत नसतं. 'खून' लिहिलं तर बांधाच्या भांडणातून झालेल्या खुनासारखं वाटतं. 'वध' लिहिलं तर आपण मारणाऱ्याच्या बाजूने बोललो असा अर्थ निघतो. अफजलखानाचा वध म्हणताना आपली बाजू ठरलेली असते. गांधीजींच्या बाबतीत हाच शब्द कुणी वापरला तर महाराष्ट्रात अजूनही भांडण पेटतं. शेवटी 'हत्या' लिहून पान सुटतं.

मारणारा मात्र सोपा. तो मारेकरी. शेतकरी, वारकरी, पहारेकरी यांच्याच पंगतीत बसणारा शब्द, त्यात काही गूढ नाही. मारेकरी घालणे म्हणजे माणसं पाठवून एखाद्याचा काटा काढणे. इंग्रजीतला 'असॅसिन' इतका सरळ नाही. त्याच्या पोटात इराणातला एक डोंगरी किल्ला आहे, गादीचा एक वाद आहे आणि वाळलेलं गवत आहे.

हशीश पिऊन खून करायला जाणाऱ्या लोकांवरून हा शब्द आला, असं बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. सुंदर बाग, अप्सरांसारख्या मुली आणि त्या स्वर्गाच्या लोभाने जिवावर उदार झालेली पोरं, अशी ती गोष्ट. व्हिडिओ गेममुळे ती नव्या पिढीपर्यंतही पोचली आहे. हशीश हा शब्द त्यात आहे हे खरं, पण हशीश पिणं बहुधा नव्हतं. हे समजायचं तर आधी गादीचा वाद समजून घ्यावा लागतो.

गादीचा वाद म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको, सातारा आणि कोल्हापूर आपण पाहिलेलं आहे. अकराव्या शतकात कैरोत फातिमी खलिफांचं राज्य होतं. ते शिया मुसलमानांमधल्या इस्माइली पंथाचे. त्यांच्यासाठी खलिफा हा नुसता राजा नव्हे, तो इमाम, म्हणजे धर्माचा जिवंत अर्थ सांगणारा. १०९४ मध्ये खलिफा अल-मुस्तनसिर वारला. थोरला मुलगा निझार वारस समजला जात होता, पण वजीर अल-अफदलने धाकट्या अल-मुस्तालीला गादीवर बसवलं. निझारने बंड केलं, तो पकडला गेला आणि कैदेत मारला गेला. इराणमधल्या इस्माइलींनी मात्र निझारचाच हक्क मानला. तेव्हापासून ते 'निझारी' झाले, आणि कैरोचा दरबार आणि ते एकमेकांचे कट्टर वैरी बनले.

इराणी इस्माइलींचा पुढारी हसन-ए-सब्बाह. कोम शहरात जन्मलेला, रय शहरात शिकलेला, इजिप्तला जाऊन आलेला. वाद होण्याच्या चार वर्षं आधी, १०९० मध्ये, त्याने अल्बुर्झ पर्वतातला आलमूत किल्ला घेतला, तोही वेढा न घालता. आधी आसपासच्या गावांतले लोक आपल्या पंथात आणले, मग गडावरचे शिपाई वळवले, शेवटी स्वतः वेश बदलून गडावर जाऊन राहिला. किल्लेदाराच्या लक्षात आलं तेव्हा गड हातातून गेलेला होता. इतिहासकार जुवैनी सांगतो की हसनने त्याला किल्ल्याची किंमत म्हणून तीन हजार दिनारांची चिठ्ठी दिली, दुसऱ्या एका गडावरच्या आपल्या माणसाच्या नावाने. आपल्याकडच्या हुंडीसारखीच, आणि ती वटलीही.

त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे ११२४ पर्यंत, चौतीस वर्षं हसन आलमूतवरून खाली उतरला नाही. घराबाहेरही दोनदाच पडला, आणि तेही गच्चीवर, असं लिहून ठेवलेलं आहे. वाचायचा, लिहायचा, हुकूम सोडायचा. एका मुलाला दारू प्यायल्याच्या आरोपावरून त्याने देहदंड दिला. दुसऱ्याला खुनाच्या आरोपावरून दिला, आणि तो आरोप पुढे खोटा निघाला. बापाच्या मायेबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण पोराला दारूपायी मारणारा माणूस आपल्या लोकांना नशेवर पोसत होता हे पचायला जरा जड जातं.

या लोकांसमोर सेल्जुक तुर्कांचं अवाढव्य साम्राज्य होतं. निझारींकडे विखुरलेले किल्ले आणि मूठभर माणसं. मैदानात लढायला गेले असते तर एका दिवसात संपले असते. पण सेल्जुकांची सत्ता माणसांवर टांगलेली होती. एक अमीर मेला की त्याची फौज विस्कटायची, एक वजीर गेला की कारभार अडायचा. म्हणून फौजेशी लढण्यापेक्षा नेमका माणूस टिपायचा, असा हिशेब निझारींनी मांडला. हसनच्या काळात त्यांनी सुमारे पन्नास माणसं मारली. आलमूतवर त्यांची आणि मारणाऱ्यांची यादी ठेवलेली असे.

यादीत पहिला होता निझाम-उल-मुल्क, तीस वर्षं सेल्जुकांचा वजीर राहिलेला. १०९२ चा ऑक्टोबर, रमजानचा महिना. सुलतानाचा लवाजमा बगदादकडे निघालेला, मुक्काम नहावंदजवळ. रोजा सोडून झाला होता. दरबार आटोपून सत्तरी ओलांडलेल्या वजिराला पालखीत घालून जनानी तंबूकडे नेत होते. सूफी फकिराच्या वेशातला एक तरुण पुढे आला, हातात अर्ज असावा तसा, आणि त्याने सुरा खुपसला. पळताना तो तंबूच्या दोरात अडकून पडला आणि तिथेच मारला गेला. महिनाभरात सुलतान मलिकशाहही वारला. या खुनामागे दरबारातलाच कुणी होता का, ही कुजबुज तेव्हाही होती. (निझाम-उल-मुल्क, हसन आणि उमर खय्याम हे शाळासोबती होते, ही गोष्ट मात्र सोडून द्या. वजीर १०१८ चा. बाकीचे दोघे पोरं असताना तो पिकल्या केसांचा होता.)

मारणाऱ्यांची पद्धत जवळजवळ ठरलेली. हत्यार सुरा, विष नाही आणि बाणही नाही. जागा शक्यतो चारचौघांतली: मशीद, दरबार, रस्ता. निसटायचा बेत बहुधा नसेच. आपल्या या माणसांना निझारी लोक 'फिदाई' म्हणत, स्वतःला ओवाळून टाकणारा. याचंच अनेकवचन फिदायीन, जे आज मराठी बातम्यांत आत्मघाती हल्ल्यांसाठी येतं.

हशीशचा संबंध कुठून आला? अरबीत 'हशीश' म्हणजे मुळात वाळलेलं गवत, चारा. त्यावरून भांगेच्या झाडापासून केलेल्या नशेच्या पदार्थाला तेच नाव पडलं. ११२३ च्या सुमारास कैरोचा फातिमी खलिफा अल-आमिर याने सीरियातल्या निझारींना उद्देशून एक पत्र काढलं. निझारचा हक्क कसा खोटा, तुम्ही कसे भरकटलेले, असा त्याचा सूर. त्यात दोन ठिकाणी निझारींना 'हशीशिय्या' म्हटलं आहे. आज सापडणारा या शब्दाचा हा सर्वांत जुना वापर. आणि खलिफाने तो कशासाठी वापरला याचं एका ओळीचंही स्पष्टीकरण दिलेलं नाही. तुम्ही नशा करता, असा आरोपही नाही. वाचणाऱ्याला शब्द कळणार हे गृहीतच.

असं स्पष्टीकरण न देता आपण कोणता शब्द वापरतो? शिवी. मुंबईत कुणाला 'गर्दुल्ला' म्हणताना त्याने खरंच गर्द ओढलीय का याची चौकशी कुणी करत नाही. 'गंजेडी', 'भंगड', 'चरसी' यांचंही तेच. फाटका, बेभरवशाचा, समाजाने ओवाळून टाकलेला माणूस, एवढाच त्या शब्दाचा मतलब. बाराव्या शतकातल्या अरबी समाजात हशीश ही खालच्या थरातली, भणंगांची सवय समजली जायची. धर्मात आपल्यापेक्षा वेगळं बोलणाऱ्यांना 'हशीशी' म्हणणं म्हणजे 'हे गर्दुल्ले' म्हणून मोडीत काढणं. बर्नार्ड लुईस आणि फरहाद दफ्तरी या दोन्ही इतिहासकारांनी हाच अर्थ धरला आहे, आणि मलाही तो पटतो. (अल-आमिर खुद्द ११३० मध्ये निझारींच्याच सुऱ्याने गेला. पत्राचं उत्तर सात वर्षांनी आलं म्हणायचं.)

दुसरा पुरावा असा की ही शिवी प्रामुख्याने सीरियात चालत होती. आलमूत इराणात, पण इराणी इतिहासकार निझारींना हशीशी म्हणत नाहीत. ते 'मुलाहिदा' म्हणतात, आपल्या भाषेत धर्मबुडवे. जुवैनी हा तर त्यांचा हाडवैरी. १२५६ मध्ये मंगोल सरदार हुलागूने आलमूत घेतला तेव्हा तो त्याच्यासोबत होता. गडावरचं ग्रंथालय त्याने स्वतः चाळलं, कुराणाच्या प्रती आणि खगोलाची उपकरणं बाजूला काढली आणि पंथाचे ग्रंथ जाळायला दिले. निझारींविरुद्ध सांगण्यासारखं त्याने काही सोडलेलं नाही. पण त्याच्या लिखाणात ना नशा येते, ना अप्सरांची बाग. येतात ती कातळात खोदलेली कोठारं आणि टाक्या, पाण्याच्या, सिरक्याच्या, मधाच्या. मंगोलांनी कोठारं रिकामी करायला घेतली तेव्हा एक माणूस मधाच्या टाकीत उतरला आणि खोलीचा अंदाज न आल्याने त्यात गटांगळी खाऊन बसला, असा एक किस्सा तो सांगतो. आलमूतच्या मधाची खरी हकिगत काय ती एवढीच.

सीरिया महत्त्वाची यासाठी की युरोपातले क्रूसेडर तिथेच होते. जेरुसलेमसाठी लढायला आलेल्या या लोकांनी किनाऱ्यावर राज्यं थाटली होती आणि मागच्या डोंगरांत, मसयाफ, कहफ, कदमूस अशा गडांवर निझारी होते. शेजारपाजारच्या मुसलमानांच्या तोंडून क्रूसेडरांनी शब्द ऐकला आणि आपापल्या जिभेप्रमाणे वळवला. जर्मन बादशहाचा एक वकील ११७५ मध्ये 'हेसेसिनी' लिहितो. टायर या किनाऱ्यावरच्या शहराचा धर्माधिकारी विल्यम 'असिसिनी' लिहितो आणि प्रांजळपणे कबूल करतो की हे नाव कुठून आलं हे ना आम्हाला माहीत, ना मुसलमानांना. आठशे वर्षांत या विषयावर लिहिणाऱ्यांपैकी इतका प्रांजळ माणूस क्वचितच सापडतो.

सीरियातल्या निझारींचा प्रमुख रशीदुद्दीन सिनान. शेख म्हणजे वडीलधारा, आणि शेख म्हणजे म्हाताराही. युरोपीयांनी म्हाताराच धरला, आणि 'डोंगरातला म्हातारा' या नावाने सिनान अजरामर झाला. त्याच्या माणसांनी सुलतान सलाहुद्दीनवर दोनदा हल्ला केला. दुसऱ्यांदा, ११७६ मध्ये, अंगातल्या चिलखतामुळे तो वाचला. पण युरोप हादरला तो ११९२ च्या एप्रिलमध्ये. मॉन्टफेराचा कॉनराड नुकताच जेरुसलेमचा राजा निवडला गेला होता. त्या दिवशी बायकोला अंघोळीला उशीर झाला, म्हणून तो ओळखीच्या बिशपाकडे जेवायला गेला. तर बिशपाचं जेवण झालेलं. तसाच उपाशी घरी परतताना टायरच्या अरुंद गल्लीत साधूंच्या वेशातले दोघे समोर आले. एकाने चिठ्ठी पुढे केली, कॉनराडने हात लांबवला आणि सुरे चालले. हे दोघे कित्येक महिने टायरमध्ये राहून, ख्रिस्ती साधू म्हणून लोकांचा विश्वास कमावत होते.

नशेच्या गोष्टीतली मोठी अडचण इथे दिसते. परक्या शहरात, परक्या धर्माचे आचार पाळत महिनोन्‌महिने राहायचं, भाषा सांभाळायची, संशय येऊ द्यायचा नाही, संधी येईपर्यंत थांबायचं. हे गुंगीतल्या माणसाचं काम नाही. ज्याने कधी भांग घेतलेल्या माणसाला होळीच्या दिवशी घरी पोचवलं असेल, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पण युरोपला प्रश्न पडला होता: माणूस इतक्या थंड डोक्याने मरायला तयार कसा होतो? श्रद्धेने, असं उत्तर दिलं तर समोरच्याच्या धर्मातही श्रद्धा असते हे मान्य करावं लागलं असतं. त्यापेक्षा गोष्ट बरी. ती हळूहळू रचली गेली आणि मार्को पोलोच्या तोंडून सगळीकडे पोचली. १२९८ मध्ये जिनोव्हाच्या तुरुंगात त्याने आपला प्रवास सोबतच्या कैद्याला सांगितला, त्यात ही बाग आहे: दोन डोंगरांमधली बंद दरी, दारू, दूध, मध आणि पाणी वाहणारे पाट, गाणाऱ्या मुली. तरुणांना गुंगीचं पेय पाजून आत न्यायचं, शुद्धीवर आले की स्वर्गात आलो असं त्यांना वाटायचं, मग पुन्हा गुंगी देऊन बाहेर काढायचं आणि सांगायचं की परत जायचं असेल तर अमक्याला मार. पोलो इराणातून गेला तेव्हा आलमूत पडून पंधराएक वर्षं झाली होती. सीरियातलं 'म्हातारा' हे नाव त्याने इराणच्या गडाला चिकटवलं. आणि गंमत म्हणजे त्याच्या गोष्टीत हशीशचं नावसुद्धा नाही.

इकडे शब्द स्वतंत्रपणे फिरत होता. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या प्रेमकवींनी तो आधी निष्ठेसाठी वापरला. म्हाताऱ्याचे असॅसिन त्याच्या शब्दावर जीव देतात, तसा मी तुझ्यावर, असं ते प्रेयसीला सांगत. मग इटलीत रंग बदलला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला कवी दान्तेच्या काव्यातल्या नरकात 'असेसिन' येतो तो भाडोत्री खुनी म्हणूनच, त्यात ना पंथ उरलाय ना डोंगर. फ्रेंच आणि इटालियन भाषेत आज हा शब्द कुठल्याही खुन्याला चालतो. इंग्रजीने मात्र तो मोठ्या माणसाला मारणाऱ्यासाठी राखून ठेवला, आणि शेक्सपियरच्या मॅकबेथने राजाला मारण्याआधी 'असॅसिनेशन' उच्चारल्यावर तो तिथे पक्का बसला.

गटाचं नाव असं गुन्ह्याचं नाव होणं आपल्याला नवं नाही. ठगांचा इंग्रजीत 'थग' झाला. त्याहून जवळचा आपला 'गारदी'. गारदी म्हणजे कवायती पायदळातला शिपाई. पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी याच नावाने ओळखला जातो. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात सुमेरसिंग आणि त्याच्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं आणि शब्द कायमचा बिघडला. 'ध'चा 'मा' कुणी केला यावर आपण अजून वाद घालतो, पण गारदी म्हटल्यावर कवायत करणारा शिपाई कुणालाच आठवत नाही.

युरोपात मात्र शब्दाचं मूळच विसरलं गेलं होतं. असॅसिन म्हणजे 'हसनचे लोक', 'पहारेकरी', असे नाना तर्क चालले. १९ मे १८०९ रोजी पॅरिसमध्ये अरबीचा पंडित सिल्व्हेस्त्र द सासी याने अरबी हस्तलिखितांतून 'हशीशी' हे मूळ सिद्ध केलं. शब्द त्याने बरोबर सोडवला. पण हशीश आलं म्हणजे ते दिलंही जात असणार, असं धरून पोलोच्या पेयाला त्याने हशीश ठरवलं. नऊ वर्षांनी व्हिएन्नाच्या हामर-पुर्गश्टालने निझारींचा जर्मनमधला इतिहास लिहिला, त्यात तर तो पंथ म्हणजे गुप्त खुनी मंडळच होऊन बसला. शिवीवरून गोष्ट रचली गेली आणि गोष्टीवरून इतिहास.

हा इतिहास पुढे मुंबईच्या कोर्टात पोचला. आलमूत पडल्यावर निझारी संपले नव्हते. इराणात लपून, मध्य आशियात, आणि हिंदुस्थानात पीर सदरुद्दीनसारख्या धर्मप्रसारकांमुळे खोजा म्हणून ते टिकले. त्यांचे इमाम हसन अली शाह, पहिले आगाखान, इराणच्या शहाशी बिघडल्यावर अफगाणिस्तान आणि सिंधमार्गे १८४० च्या दशकात मुंबईला आले. काही खोज्यांनी त्यांचा अधिकार नाकारला, आम्ही मुळात सुन्नी असं म्हटलं आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. खोजे नेमके कोण हे ठरवायला न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांना थेट कैरोच्या गादीच्या वादापर्यंत आणि आलमूतपर्यंत मागे जावं लागलं. खोज्यांच्या 'दसावतार' या पदाचीही, ज्यात दहावा अवतार म्हणजे हजरत अली, कोर्टात चिकित्सा झाली. १२ नोव्हेंबर १८६६ रोजी निकाल लागला, आगाखानांच्या बाजूने. त्यांची कबर माझगावला हसनाबादमध्ये आहे. आणि त्याच मुंबईत, भेंडीबाजारात, बोहरा समाज आहे, तो मुस्तालीच्या बाजूचा. कैरोतल्या त्या भांडणाच्या दोन्ही शाखा अशा एका शहरात नांदताहेत. पुण्याचा आगाखान पॅलेस याच घराण्याच्या तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधला, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून.

निझारींचं स्वतःचं म्हणणं जगाला वाचायला मिळालं तेही बरंचसं मुंबईमुळे. व्लादिमिर इवानोव हा रशियन अभ्यासक १९३० च्या दशकात इथे कामाला लागला, इस्माइली कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली हस्तलिखितं त्याने मिळवली आणि छापली. १९४६ मध्ये मुंबईतच इस्माइली सोसायटी निघाली. जुवैनीने जाळलं त्यातलं काही या बासनांत शिल्लक होतं.

त्या हस्तलिखितांतले लोक स्वतःला हशीशी म्हणत नाहीत. त्यांचा शब्द फिदाई, आणि तो 'फिदा' वरून. मराठीत हा फिदा केव्हाच आलाय, सुरा मागे ठेवून. कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी कुणावर फिदा झालं असं म्हणताना त्या पोरांना आलमूत ठाऊक नसतो, पण प्रोव्हान्सच्या त्या प्रेमकवींना हे मराठी लगेच कळलं असतं.